शेप ती शेप? अजिबात नाही!

मित्रांनो, शहापूरला मी ज्या किराणा दुकानात काम करतो, तिथे आज दुपारी शेठना उलट बोललो. तेच लिहितोय.

मुरबाडकडची एक मावशी आली. लेक बाळंत झालेली. म्हणाली, "बालंतशेप दे रे पावशेर." आमच्याकडची संपली होती. शेठ हळूच म्हणाले, "बडीशेप बांध. शेप ती शेप."

मी नववीपर्यंतच शिकलोय, पण दुकानातल्या डब्यांवरची नावं मीच लिहितो, दोनदा तपासून. बडीशेप हिरवी, जाड, गोड. जेवणानंतर चघळायची, नाहीतर मसाल्यात नि चहात वासाला टाकायची. बाळंतशेप चपटी, तपकिरी, उग्र. ती भाजून बाळंतिणीला जेवणावर देतात. बडीशेपेने अपाय होत नाही, मान्य. पण मावशीने ती मागितलीच नव्हती.

मी म्हणालो, "मावशी, बाळंतशेप संपलीय. आहे ती मुखवासाची बडीशेप."

"बरं झालं सांगितलंस रे! लेकीची सासू उद्या येतेय. वास घेऊन माझीच इज्जत काढली असती."

ती गेल्यावर शेठ भडकले. "गिऱ्हाईक घालवलंस! मास्तर झालास काय? उद्या येऊ नको!"

"येणार," मी म्हणालो. "हाकलायचं तर गिऱ्हाइकांसमोर हाकला, आणि कशासाठी ते पण सांगा."

शेठ गल्ल्याकडे वळले. उद्या नऊला मी दुकानात असेन. मागितलं तेच द्यावं, एवढं म्हणणं तुम्हाला उद्धटपणा वाटतो का?