पाठवणीचा ड्रायव्हर

वेल्हे ते नसरापूर माणसं भरून धावणारी वडापची जीप मी अर्धं आयुष्य चालवली. गोरखसारखा हात या रस्त्यावर कुणाचा नाही, असं सगळे म्हणत. सगळे म्हणजे मीच, पण रोज म्हणत असे.

त्या जीपचं स्टिअरिंग म्हणजे ताक घुसळणं. जरा डावीकडं, जरा उजवीकडं, परत डावीकडं, तेव्हा कुठं जीप सरळ जायची. मागची माणसं एकमेकांच्या मांडीवर गेली तरी मला वाटायचं, ही आपली कला.

गेल्या वर्षी जीप विकून लहान कार घेतली, तीही लेकीच्या सांगण्यावरून. अश्विनी हायवेवरच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये कामाला आहे. गाड्या खोलते, जोडते, चालवून बघते. पहिल्याच दिवशी मी सवयीनं घुसळायला लागलो आणि शेजारी बसलेली बायको, मंगल, वाटेवरच्या अंबवण्यापर्यंत दोनदा ओकली. मी गाडीलाच नावं ठेवली. नाचता येईना अंगण वाकडं.

अश्विनीनं मला डॅशबोर्डखाली डोकं घालायला लावलं. पोटामुळं ते अर्धंच गेलं. स्टिअरिंगपासून एक दांडा नळीतून पायांकडं उतरतो, तो कॉलम. किल्लीचं कुलूपही त्यालाच. किल्ली काढून स्टिअरिंग फिरवलं की आतली खुंटी दांड्याला अडकते. हे कळेपर्यंत मी ‘जाम झालं’ म्हणून दोनदा मेकॅनिक बोलावला होता. पुढं दांड्याला वळायचं असतं, म्हणून सांध्यांत क्रॉस, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखे लोखंडी तुकडे, बसवतात. तळाशी बॉक्स, तो दांड्याचं गोल फिरणं आडव्या सरकण्यात बदलतो आणि आडवे रॉड पुढची चाकं वळवतात. समोरून जोराची धडक बसलीच, तर कॉलम स्वतःच दबतो, छातीत घुसू नये म्हणून.

मी विचारलं, जीपमध्ये यातलं काय नव्हतं?

“समदं व्हतं, आबा. पन क्रॉस झिजलं व्हतं, बॉक्स झिजला व्हता. तुमचं अर्धं फिरवनं त्या प्लेमधी, ढिलेपनातच जिरायचं. ह्या गाडीत तेवढा प्ले न्हाई, वर मदतीला मोटर हाय. तुमी जरा हात हलवला तरी चाकाला कळतंय.”

म्हणजे माझी कला झिजलेल्या पार्टांची होती.

मग शिवऱ्याच्या स्वरूपशी तिचं लग्न ठरलं. बाप पाठवणीला जात नाही, पण ड्रायव्हर जातो, अशी पळवाट मी काढली. लेकीला तिच्या घरी मीच पोचवणार. तिनं एकच अट घातली, गाडी डुलता कामा नये. शालू नेसून ओकत सासरी उतरायची तिची तयारी नव्हती. मी रोज सकाळी सराव केला. मंगल शेजारी प्लास्टिकची पिशवी घेऊन बसायची. पिशवी लागली की मी नापास. लग्नाच्या आठवड्यात पिशवी कोरी परत आली.

लग्नाच्या दिवशी मार्गासनीपर्यंत गाडी सरळ गेली. मग मी आरशात बघितलं. मागच्या सीटवर स्वरूपशेजारी अश्विनी आवाज न करता रडत होती. माझे डोळे भरले आणि हातांना जीप आठवली. गाडी डुलायला लागली. नसरापूरच्या अलीकडं ती म्हणाली, “आबा, गाडी बाजूला घ्या.”

मला वाटलं, ओकारी आली. पण ती उतरली, मुंडावळ्या मागं सारल्या, हिरवा चुडा कोपराकडं सरकवला आणि माझ्या दाराशी आली. मला पलीकडं बसवलं. मागं स्वरूपनं मुकाट्यानं पट्टा लावला. हायवेनं शिवऱ्यापर्यंत तिचे हात हललेले मला दिसले नाहीत. मी शेजारी बसून पोटभर रडून घेतलं.

दारात तिच्या सासूबाई, साळूबाई, भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. नवरी ड्रायव्हरच्या दारातून उतरली तशी वाजंत्री थांबली. साळूबाईंनी मला विचारलं, गाडी कोणी आणली? लाज वाटली, पण खोटं बोलवेना. “लेकीनं आनली,” म्हणालो.

त्यांनी दोघांवरून तुकडा ओवाळून टाकला. “ब्येस झालं. आता मला दवाखान्याला जायाला कुनाच्या पाया पडाया नको.”

माझ्या मनावरचं ओझं उतरलं. परतताना गाडीत मी एकटाच होतो. वेल्ह्यापर्यंत गाडी एकदाही डुलली नाही. पण ते बघायला अश्विनी शेजारी नव्हती.