भाऊंनी नापास केलेली लेन्स

जालन्यात आमच्या फोटो काढणाऱ्यांपैकी कुणी नवीन लेन्स घेतली, की रंगनाथभाऊंच्या बायकोचा लग्नातला शालू गच्चीवर वाळत पडायचा. धुतलेला नसायचाच. चार घरं पलीकडच्या गच्चीवर दोरीला तो पसरला जायचा आणि भाऊ आपल्या गच्चीवर ट्रायपॉड मांडून त्याच्या काठावर नेम धरायचे. जरीची तार न् तार सुटी दिसली तर लेन्स पास. वहिनी जिन्यातून ओरडायच्या, "लोकाच्या लेन्सापायी माझ्या शालूचा रंग उडून राह्यला." भाऊ मान न वळवता म्हणायचे, "अगं, जरीची तार खोटं बोलत न्हाई. म्हनून तर तिला बोलावतो."

भाऊ मूळचे केदारखेड्याचे. जालन्यात त्यांचा स्टुडिओ होता आणि सगळी हयात लग्नाचे फोटो काढण्यात गेली. मुलाने स्टुडिओ हाती घेतल्यावर ते पाखरं आणि हरणांच्या मागे लागले. म्हणायचे, "आयुष्यभर लोकायला म्हनलो, इकडं बघा, हसा. आता कुनीच माझ्याकडं बघू नये, असे फोटो काढायचेत." हे नुसतं बोलणं नव्हतं. हरणाने मान वर करून थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं, की तो फोटो भाऊ तिथल्या तिथे पुसून टाकायचे. आम्ही तसल्याच फोटोसाठी तडफडायचो, आणि हा माणूस बिनदिक्कत पुसायचा. एकदा मी फारच हळहळलो तेव्हा म्हणाले, "ते भ्यालेलं हाये सर. भ्यालेल्याचा फोटो कामून ठेवायचा?"

त्यामुळे त्यांची सगळी धडपड मागे सरकण्याची. बाकीचे लोक गवतातून रांगत जनावराच्या जवळ जातात, भाऊ हरीण पुन्हा मान खाली घालून चरायला लागेपर्यंत मागे मागे जायचे. आणि मागे जायचं तर लांबचं दिसणारी, नितळ काच हवी. ती नितळ आहे की नाही हे ठरवायला त्यांच्याकडे कुठलं यंत्र नव्हतं, फक्त नजर होती. त्या नजरेचा त्यांना भारी तोरा होता. "बराबर हाये" असं त्यांनी म्हटल्याशिवाय आमच्यातल्या एकाचीही खरेदी पक्की झाली नाही.

मी शाळेत गणित शिकवतो. बरीच वर्षं घरात विषय काढून काढून मी एक मोठी झूम लेन्स घेतली, सोबत दोन टेलिकन्व्हर्टर. कन्व्हर्टर म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्या मध्ये बसवायचं छोटं भिंग. एक लांबचं जरा जवळ आणतं, दुसरं थेट दुप्पट. पण फुकट काही नसतं, जितकं जवळ आणतं तितका उजेड खातं आणि चित्र थोडं मऊ करतं. लेन्स पसंत नसेल तर आठवड्याच्या आत परत करा, असं दुकानदाराने सांगितलं होतं. मी ती घेऊन सरळ भाऊंच्या गच्चीवर गेलो. शालू वाळत पडला. भाऊंनी बराच वेळ डोळा लावला आणि म्हणाले, "न्हाई सर. काठ लोन्यावानी दिसून राह्यलाय." कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर मला तर जरीची तार चांगली दिसत होती. पण भाऊ नाही म्हणतात म्हटल्यावर आपल्यालाच कळत नसेल, असं मी धरून चाललो.

खाली उतरताना वहिनींनी मला स्वयंपाकघराच्या दारात थांबवलं. हळूच म्हणाल्या, "सर, हे हल्ली दाढी करतानी उजव्या गालावर केस तसेच ठेवून राह्यले. डॉक्टरकडं चला म्हनलं, की मलाच म्हनतात, घरातली ट्यूब बदल." मी मनात हिशेब मांडला. त्या वर्षात भाऊंनी लागोपाठ बऱ्याच लेन्स नापास केल्या होत्या, आणि कंपन्या आता कामचुकार झाल्या म्हणून आम्ही सगळे माना डोलवत होतो. पण हे भाऊंना सांगणार कोण? ज्याचं सगळं मोठेपण डोळ्यात, त्याला डोळा दाखवा म्हणून सांगायचं कसं? मी चपला घालत होतो. भाऊच म्हणाले, "गच्चीवर ऊन तापतं, झळा येत्यात. वाटूरच्या शिवारात सकाळी बघू, मंग नक्की सांगतो."

थंडीचे दिवस होते. वाटूरच्या पुढे एका बांधावर आम्ही ट्रायपॉड लावला. समोर हरभऱ्यात हरणांचा कळप होता. एवढ्यात एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत तरातरा आले. ते वावर त्यांचंच होतं, नाव खंडूआबा. वाडवडील मेंढरं वळणारे, आबा शेती करणारे. लेन्सकडे बघत त्यांनी विचारलं, "मोजनी आली का? रस्ता कुठून नेऊन राह्यले?" तिकडे अलीकडे तीन पायांवर काही उभं दिसलं की जमीन जाणार, एवढंच लोकांना ठाऊक. हरणांचे फोटो काढायला आलोय म्हटल्यावर तर ते जास्तच चिडले. "हरभरा खाऊन राह्यले ते. हाकला की त्यायला, फोटू काय काढता?" तरी बांधावर बसले. रस्ता नाही म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला असावा.

भाऊंनी आधी दुप्पटवाला कन्व्हर्टर लावला. फोटो काढला, पडद्यावर मोठा करून पाहिला. "धुरकट." तो काढून लहान लावला. "हेबी तसंच." मग दोन्ही काढून नुसती लेन्स. हवा थंडगार, झळांचं नाव नाही, हरीण निवांत चरतंय, त्याचं आमच्याकडे लक्षही नाही. दोष द्यायला आता काहीच उरलं नव्हतं. भाऊंनी फोटो पाहिला आणि म्हणाले, "लेन्सच खराब हाये सर. बिलकुल ठेवू नका, जल्दी परत करा."

खंडूआबा उठून पडद्यापाशी वाकले होते. म्हणाले, "खराब कशानं? कानातली गोचीड दिसून राह्यली की."

"कोन्त्या कानात?" भाऊंनी विचारलं.

"ह्या काय. डाव्या. चांगली टम्म फुगलीय."

भाऊ नेहमीच्या सवयीने डावा डोळा मिटून पडद्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, तुमाला दिसून राह्यली?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण त्यांनी मला कधी खोटं सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "हो भाऊ. दिसतेय."

भाऊंनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला आणि परत घातला. मग डाव्या डोळ्यावर तळवा धरून पडद्याकडे पाहिलं. हात बदलून उजवा डोळा झाकला. एकेक काच काढून दोष हुडकायचा, हीच त्यांची रीत. "हां," ते म्हणाले, "आता दिसली गोचीड." कॅमेऱ्याला आयुष्यभर लावला तो त्यांचा उजवा डोळा. मी ट्रायपॉडचा स्क्रू उगाच आवळत राहिलो. भाऊच म्हणाले, "लेन्स बराबर हाये सर. परत करू नका."

"एक डोळा शाबूत हाये ना? मंग काय," खंडूआबा म्हणाले आणि हरणं हाकलायला निघून गेले.

काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, आणि डाव्यातही त्याची सुरुवात झाली होती. दवाखान्यातून आल्यावर भाऊंनी पहिलं काम काय केलं असेल? ज्यांच्या ज्यांच्या लेन्स त्या वर्षात नापास केल्या होत्या, त्या सगळ्यांना फोन. "तुमची काच चांगली होती, चूक माझी झाली," एवढंच सांगायचे. त्यानंतर शालू कपाटात गेला तो गेलाच. वहिनींना त्याचं जास्त वाईट वाटलं.

भाऊ मात्र शिवारात येत राहिले. गाडीत माझ्या शेजारी बसायचे आणि म्हणायचे, "सांगा सर." मी म्हणायचो, "हरणं आहेत." की लगेच सुरू, "हे कसलं सांगनं? नर का मादी? कान कुठं वळलेत? ऊन कोन्त्या बाजूनं हाये?" सुरुवातीला मी वैतागायचो. गणिताच्या मास्तराला पोरांनी धारेवर धरावं तशी गत. पण सांगायचं म्हणून नीट बघावं लागायचं, आणि मग गवतात दडलेली पाडसं दिसायची, हरणाच्या पाठीवर बसलेला कोतवाल पक्षी दिसायचा. भाऊ डोळे मिटून ऐकायचे आणि मधेच हसायचे.

गेल्या पावसाळ्यात भाऊ झोपेतच गेले.

परवा शहागडला गोदावरीच्या काठी एकटाच गेलो होतो. तीच लेन्स, मागे दुप्पटवाला कन्व्हर्टर. वाळूवर चक्रवाकांची जोडी होती. मी डोळा लावला आणि नकळत मोठ्याने बोलायला लागलो, "दोन आहेत भाऊ. नराच्या गळ्यात काळी रेघ आहे. मादी पंखात चोच खुपसून झोपलीय. ऊन डावीकडून आहे." सांगता सांगता पलीकडच्या दगडाआड तिसरा दिसला. सांगत होतो म्हणूनच दिसला. तेवढ्यात तिघेही उडाले. बटण दाबायचं राहूनच गेलं, भाऊंना आधी सांगायचं होतं.