वर्लिनची कोरी रिव्हॉल्व्हर

नेब्रास्कातल्या आमच्या या मक्याच्या मुलखात बंदूक नसलेलं घर एखादं सापडेल, पण वर्लिन हॅस्केटच्या कोऱ्या रिव्हॉल्व्हरची कथा न ऐकलेला माणूस सापडणार नाही. वर्लिन आमचा न्हावी. केस कापताना आपली मान त्याच्या हातात असते, तेव्हा ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नसतं.

बाकीच्या बंदुका तो मनसोक्त उडवायचा. बापानं लग्नात दिलेल्या या एकीतून मात्र गोळी कधी सुटलीच नव्हती. गोळी सोडाच, तिचा घोडासुद्धा त्यानं मागे ओढला नव्हता. घोडा ओढला की गोळ्यांचं चाक फिरतं आणि त्याच्या काळ्या झिलईवर बारीक रेघ उमटते. मग ती कोरी राहत नाही. म्हणून मेणकागदात गुंडाळून, खोक्यात घालून त्यानं ती कपाटात लग्नाच्या सुटाखाली ठेवली होती. तो खोकं उघडायचासुद्धा नाही. हवा लागते म्हणे!

"म्हणजे लग्न करायचं आणि नवरीच्या तोंडावरची जाळी वर करायची नाही," दाढीला बसलेला डेलमर क्रूग म्हणायचा. त्याच्याकडेही एक कोरी बंदूक होती, म्हणून त्याची जीभ जास्तच चालायची.

"तुला नाही कळायचं," वर्लिन म्हणायचा. "माझे गुडघे जुने, दात जुने, ही खुर्चीही जुनी. घरात एक तरी वस्तू अशी असू दे, जिचा पहिला दिवस अजून उजाडायचाय."

मला हे पटायचं आणि रागही यायचा. अरे, उजाडणार कधी? तू मेल्यावर?

यंदा वसंतात अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये संग्राहकांचं प्रदर्शन भरलं. न उडवलेल्या बंदुकीला पहिल्या नंबरची निळी फीत मिळणार होती. ती फीत आपलीच, असं वर्लिन महिनाभर प्रत्येक डोक्याला सांगत होता. कोपऱ्यात त्याची बायको आर्डिथ घरी भाजलेले, चेरीचं गोड सारण भरलेले 'चेरी-पाय' विकत होती.

परीक्षक होत्या मार्सेला बाई. त्यांनी हातमोजे चढवले, मेणकागद सोडला, भिंग डोळ्याला लावलं आणि बंदूक उजेडाकडे धरली.

"वर्लिन, हे चाक फिरलंय."

"शक्यच नाही!"

"रेघ आहे. अगदी गोल, सगळीकडून."

वर्लिननं भिंग हिसकावून पाहिलं. त्याचं तोंड एवढंसं झालं. इतक्या वर्षांची बढाई गावासमोर खोटी ठरली होती. मला त्याची फार दया आली. डेलमरसुद्धा हसला नाही.

तेवढ्यात आर्डिथ चेरी-पाय कापायची सुरी हातात घेऊनच पुढे आली.

"मी उडवली ती. तू पित्ताशयाच्या ऑपरेशनला गेला होतास ना, तेव्हा. खुराड्यात साप शिरला होता."

"अगं, घरात एवढ्या बंदुका असताना..."

"त्या सगळ्या तू कुलूपबंद करून ठेवल्यास आणि किल्ली खिशात घालून दवाखान्यात गेलास. ही एकटीच बाहेर होती. गोळ्या दुकानातून आणल्या. नंतर पुसून, तेल लावून जागच्या जागी ठेवली. घडी तुझ्यापेक्षा नीट घातली होती!"

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"टाके ताजे होते रे तुझे."

कोणीतरी फिस्सकन हसलं. वर्लिन बायकोकडे बघत राहिला. आता भडकणार, असं आम्हाला वाटलं. पण तो हळूच तिच्याजवळ सरकला. लहान मुलानं दुकानातल्या खेळण्याबद्दल विचारावं तसा त्याचा आवाज झाला होता.

"कशी चालते गं?"

"झकास! फक्त जरा डावीकडे ओढते."

"डावीकडे?" तो म्हणाला. "बाबांचाही नेम डावीकडेच जायचा."

फीत डेलमरला मिळाली. टाळ्या वाजवायला वर्लिन थांबलाच नाही. रिव्हॉल्व्हर उचलून, शेजारच्या टेबलावरून गोळ्या घेऊन तो आर्डिथसह केव्हाच निघून गेला होता. डेलमरच्या छातीवर फीत लावत असताना त्यांच्या शेताकडून पहिला बार ऐकू आला. डेलमर फीत सावरत खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"आयला," तो म्हणाला, "मजा करतायत लेकाचे."