हवेतलं वाटीभर पाणी

कोरियातून परत आले तेव्हा आई जिवंत होती. तिच्यासाठीच आले होते. पोस्टडॉकचं निम्मं काम शिल्लक होतं, प्रोफेसर "थांब" म्हणत होते, पण इकडे आईचं डायलिसिस सुरू झालं होतं आणि भावानं फोनवर सरळ सांगितलं, "ताई, मला एकट्याला नाही गं झेपत." आले. नगरच्या घरी राहून पारनेरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले. पहिल्याच हिवाळ्यात आई गेली. भावाला बंगळुरूला नोकरी लागली, नगरचं भाड्याचं घर सोडलं आणि मी पारनेरला खोली घेतली. ज्या माणसासाठी परत आले ते माणूसच राहिलं नाही, मी मात्र राहिले.

खोली वरच्या मजल्यावर होती. दार उघडलं की समोर सगळी गच्ची. खाली घरमालकीण एकट्याच राहायच्या. मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. नवरा वारलेला, मुलगा पुण्यात. सगळी आळी त्यांना सिस्टर म्हणायची, मीही तेच म्हणू लागले. पहिले काही महिने आमचं बोलणं म्हणजे खालून हाक, "मॅडम, नळ आलाय हो," एवढंच. गुडघ्यांमुळे त्या जिना चढत नसत आणि मला खाली जाऊन बसायला निमित्त नसे.

कॉलेजात माणसं वाईट नव्हती. डबा वाटून खायची, वाढदिवसाला केक कापायची. पण मी कशावर काम करते असं कुणी विचारलं की मी हुरूपानं सुरुवात करायचे आणि दुसऱ्याच वाक्याला समोरच्याची नजर दाराकडे गेलेली दिसायची. मग मीच विषय बदलायचे. हळूहळू विचारणंही थांबलं. कधी कधी शुक्रवारी संध्याकाळी खोलीत शिरल्यावर सोमवारी सकाळपर्यंत माझा आवाज मलाच ऐकू येत नसे. एकदा दुकानात "साखर" म्हणताना घशातून शब्दच नीट निघेना, तेव्हा ते लक्षात आलं.

काम असं होतं. इमारत रंगवताना बाहेरून बांबूची परांची बांधतात ना, तशी परांची अणुरेणूंची बांधायची. धातूचे अणू म्हणजे सांधे आणि सेंद्रिय रेणू म्हणजे बांबू. तयार होते ती दिसायला मैद्यासारखी पांढरी पूड. पण तिच्या आत पोकळ्याच पोकळ्या, इतक्या बारीक की पाण्याचे मोजके रेणू मावावेत. चमचाभर पुडीच्या आतले सगळे पृष्ठभाग उलगडून पसरले तर एखादं मैदान झाकलं जाईल. गेल्या काही वर्षांत जगभर या पदार्थांचा बोलबाला झाला. कुणी त्यात वायू साठवतं, कुणी विषारी द्रव्यं पकडतं. मी अॅल्युमिनियमच्या परांचीवर काम करत होते. ती रात्रीच्या हवेतली ओल शोषून घेते आणि उन्हात तापली की सोडून देते. कोरियात हे सगळं काचेच्या नळ्यांत, यंत्रांच्या देखरेखीखाली चालायचं. मला ते उघड्यावर करून बघायचं होतं, आणि पारनेरच्या पठारावर आहे एवढी कोरडी हवा दुसरी कुठे शोधायची?

नगरला दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्या एका माणसाकडून अॅक्रिलिकची पेटी करून घेतली. त्यानं विचारलं, "मासे ठेवायचेत का मॅडम?"

"नाही, पाणी काढायचंय."

"काढायचंय? मग तोटी कुठं बसवू?"

पेटी एसटीत मांडीवर घेऊन आले. तळाशी काळा रंग दिलेला पत्रा, त्यावर पुडीच्या वड्या. संध्याकाळी झाकण उघडायचं, सकाळी बंद करायचं. ऊन चढलं की वड्या तापणार, वाफ निघणार, सावलीतल्या भिंतीवर जमणार आणि खालच्या पन्हाळीत उतरणार. कागदावर अगदी सोपं. प्रत्यक्षात पहिल्या वड्यांचा भुगा झाला. दुसऱ्या वड्या टिकल्या, पण भिंत कोरडीच. मग भिंतीच जास्त तापतात असं वाटून मी त्यांना बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळलं. पाणी काढायला पाणी घालतेय म्हणून स्वतःशीच हसले आणि ते काढून टाकलं. शेवटी मागच्या बाजूला पत्र्याच्या पट्ट्या लावल्या, वाऱ्यानं गार राहतील अशा.

जिन्यात खालून आवाज आला, "मॅडम, वर रोज काय ठोकता हो?"

मी खाली गेले. सिस्टर पायरीवर बसून शेंगा सोलत होत्या. मी आपली सवयीनं थोडक्यात सांगितलं की हवेतली ओल पकडायची पूड आहे. पूड कशी करता, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ऑटोक्लेव्हमध्ये.

"ऑटोक्लेव्ह?" शेंग हातातच राहिली. "आमच्याकडे होता की! ऑपरेशनची हत्यारं त्यात दाबाच्या वाफेवर काढायची. तीस-पस्तीस वर्षं तेच केलं मी. शिट्टी बिघडलेली असायची, नुसत्या वासावरून कळायचं मला झालंय का नाही ते. तुमचा केवढा?"

मी मुठीएवढा आकार दाखवला. त्या इतक्या हसल्या की सुपातल्या शेंगा सांडल्या. त्यांच्यासोबत मी पहिल्यांदाच बसून चहा प्यायले.

चैत्रातली एक सकाळ मला नीट आठवते. ऊन वर आलं होतं, मी पेटीसमोर पाटावर बसले होते. मागच्या भिंतीवर धूसर पट्टा दिसू लागला. मला वाटलं, धूळ असेल. मग त्या धुक्यात बारीक ठिपके दिसले, ठिपके एकमेकांना चिकटले आणि एक थेंब सरळ रेघ ओढत पन्हाळीत उतरला. त्याच्यामागे दुसरा.

मी ओरडले असणार, कारण खालून सिस्टरांनी विचारलं, "पडलात का?"

"पाणी आलं!"

"नळाला? आज वार नाही आपला."

"नाही, हवेतलं!"

मग जिन्यात पावलं वाजू लागली. एक पायरी, थांबणं, धापा, पुन्हा एक पायरी. मी धावत जाऊन हात धरला. वर येऊन त्यांनी आधी आपल्याच गच्चीकडे बघितलं, जणू दुसऱ्याच्या घरी आल्यात. पेटीजवळ जाऊन वाकल्या. मी काही म्हणायच्या आत त्यांनी पन्हाळीत बोट बुडवून जिभेला लावलं.

"सिस्टर! तपासलेलं नाही ते!"

"बेचव आहे," त्या म्हणाल्या. "डिस्टिल्ड वॉटर. आमच्या इन्व्हर्टरला चालेल का?"

त्या दिवशी त्या थेंबांचा फोटो मी कोरियातल्या जुन्या ग्रुपवर टाकला. एकेकाळी तिथे दिवसभर गलबला असायचा, जेवायला कोण येतंय इथपासून. आता सगळे पांगले होते. संध्याकाळपर्यंत कुणी एकानं टाळ्या वाजवणाऱ्या अस्वलाचं चित्र पाठवलं. बस. भावाला फोन केला, तो मीटिंगमध्ये होता. आई असती तर तिला काही समजलं नसतं, पण तिनं शेजारपाजारच्या सगळ्यांना सांगितलं असतं. मोबाईल बाजूला ठेवला आणि भांडी घासली. घासून झालेली पुन्हा घासली.

त्यानंतर मात्र सिस्टर रोज खालून विचारायच्या, "आज किती?" मी सांगायचे, पाव वाटी, अर्धी वाटी. वाऱ्याची दिशा बदलली की कमी व्हायचं. मग त्या म्हणायच्या, "असू दे. उद्या." तेवढ्या दोन वाक्यांवर माझा दिवस सुरू व्हायचा. त्यांच्या इन्व्हर्टरची बॅटरी त्या उन्हाळ्यात माझ्याच पाण्यावर चालली. रिसर्च पेपरात लिहिण्यासारखं नव्हतं, पण माझ्या पदार्थाचा तो पहिला खरा उपयोग.

वैशाखात टँकर सुरू झाले तशी पेटीची बातमी आळीत पोचली. एके दिवशी शेजारचे दूधवाले काका वर आले. पेटीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "म्याडम, दिसाला किती निघतं ह्यातून?"

"चांगल्या दिवशी एक वाटी."

"वाटी?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "माजी म्हैस तर एका घोटात दोन बादल्या वढती. मंग तिला म्हनायचं काय, वाटी चाट आन् गप बस?"

मीही हसले. पूड जास्त घेतली, पेटी मोठी केली, तर वाढेल, असं सांगत राहिले. काका ऐकत होते, वाईट वाटू नये म्हणून मान डोलवत होते. जाताना म्हणाले, "न्हाई, पन डोकं लई लावलंय तुमी." ते गेल्यावर मी गच्चीच्या कठड्याला टेकून उभी राहिले. खाली टँकरजवळ बायका पाईपसाठी एकमेकींवर ओरडत होत्या. माझ्या हातात ती वाटी होती. इतकी वर्षं ज्याच्यासाठी घातली ते इथे, या आळीत, कुणाच्या तहानेला पुरणार नाही, हे मला आधीही ठाऊक होतं. तरी त्या दुपारी जेवण गेलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी सिस्टर न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. मुलगा पुण्याहून आला, त्यांना घेऊन गेला आणि ऑपरेशन झाल्यावर परत आला तो घर नीट करून भाड्यानं द्यायला. माणूस सभ्य होता. "आईला आता एकटं ठेवणार नाही मी," म्हणाला. बरोबरच होतं ते. खालचा मजला आणि वरची खोली एकत्र एका बँकेच्या माणसाला द्यायचं ठरलं होतं, म्हणून मला दुसरी जागा बघायला सांगितलं. गच्ची गळत होती, तिच्यावर लेप द्यायला कामगार आले. त्यांचा मुकादम मला डबा दाखवून म्हणाला, "ही साधी कोटिंग नाही मॅडम, नॅनो आहे. पाण्याचा थेंब म्हणून थांबायचा नाही वर."

"हो का," मी म्हटलं आणि पेटी उचलली.

आता पेटी कॉलेजच्या गच्चीवर आहे, सोलर पॅनेलच्या मागे. नवीन वड्या जास्त टिकतात. एक पेपर छापून आला, छोट्या मासिकात. प्राचार्यांनी सूचनाफलकावर अभिनंदन लावलं, त्यात पदार्थाचं नाव चुकलं होतं. मी दुरुस्त करायला सांगितलं नाही. सकाळी झाकण बंद करायला जाते तेव्हा तिथे कबुतरांशिवाय कुणी नसतं. आदल्या दिवशीचं पाणी मोजते आणि आकडा मनातल्या मनात म्हणते.

सिस्टरांना भेटायला परवाच्या रविवारी पुण्यात खराडीला गेले होते. दहाव्या मजल्यावरचा फ्लॅट, बाल्कनीत त्यांची खुर्ची. सून चांगली आहे, चहाबरोबर गरम पोहे केले. सिस्टर बारीक झाल्यात. माझा हात हातात घेऊन बसल्या, नाडी बघायची असते तसा मनगटावर अंगठा ठेवून.

"जेवता का नीट?"

"जेवते."

"कुणाशी बोलता का?"

मी मोकळ्या हातानं पोह्यांची बशी बाजूला सरकवली. त्या खाली नगर रस्त्यावरची वाहनं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मीपण नाही. इथं सगळे कामाला जातात." त्यांनी माझं मनगट सोडलं नाही, आणि निघायची घाई मीही केली नाही. सुनेनं दिवा लावल्यावर मी उठले. "येत जा," त्या म्हणाल्या. "येते," म्हटलं, आणि खरंच जाणार आहे, महिन्यातून एकदा तरी.

परतताना सुप्याला एसटीतून उतरून पारनेरच्या जीपची वाट बघत उभी होते. कारखान्यांची पाळी सुटली होती, घोळक्यानं माणसं हसत-बोलत टपऱ्यांकडे चालली होती. मी एका टपरीवर चहा घेतला. शेजारी उभ्या असलेल्या बाईनं विचारलं, पारनेरलाच ना? मी हो म्हटलं. तिनं स्वतःहून सांगितलं की ती पॅकिंगला आहे, हातांना कसल्यातरी पावडरीची खाज येते. मी हात बघितले, कुठली पावडर ते विचारलं. जीप येईपर्यंत आम्ही तेच बोलत होतो. नंतर ती पुढे बसली आणि मी मागे.