अर्धशिशी म्हणजे डोकेदुखी नव्हे

"डोकं दुखतं का?"

"न्हाई."

"छातीत दुखणं, पिंडरीला सूज, कधी फिट?"

"न्हाई ओ मॅडम, कायबी न्हाई."

सोनपेठला बाजाराचा दिवस होता. बाजाराच्या दिवशी माझी ओपीडी म्हणजे एसटी स्टँडच. मी बायकांची डॉक्टर. बाहेर बाकड्यांवर बायका, त्यांची लेकरं आणि भाजीच्या पिशव्या. आत मी शीतलचं बीपी घेत होते. शीतल पंचविशीतली, दोन मुलींची आई. सहा-सात महिन्यांपासून गर्भनिरोधक गोळ्या घेत होती. गोळ्या गावातच मिळायच्या. बाजाराला आलोच आहोत तर एकदा दाखवून घ्यावं, म्हणून सासूनं तिला आणलं होतं.

सासूचं नाव सुभद्रा. बाई भारी होती. सुनेच्या गोळ्या नाल्यात फेकणाऱ्या सासवा मी चिक्कार पाहिल्यात. ही स्वतः उभी राहून गोळी गिळायला लावणारी. कारण शीतलच्या दुसऱ्या बाळंतपणात रक्तस्राव थांबेना, तेव्हा परभणीच्या दवाखान्यात रात्रभर हीच बाहेर बसलेली होती.

"जेवणं झाली की मी माझी बीपीची खाते, ही हिची खाती," सुभद्रामावशी म्हणाल्या. "एक दिस खाडा न्हाई. इचारा तिला."

मी विचारलंच. या गोळीचं सगळं यश खाडा न होण्यात आहे. रोज एकाच वेळी घ्यायची. पाकिटातल्या पांढऱ्या गोळ्या हार्मोनच्या आणि शेवटच्या रंगीत गोळ्या नुसत्या लोहाच्या, सवय मोडू नये म्हणून.

"एखादी चुकली तर काय करायचं?"

"आठवंल तव्हा घ्यायची. अन् रातची रातीला."

"शाब्बास. दोन-तीन पांढऱ्या लागोपाठ चुकल्या तर?"

शीतल सासूकडे बघायला लागली. सासू छताकडे.

"तर राहिलेली आठवण होताच घ्यायची, पुढच्या चालू ठेवायच्या, पण सात दिवस निरोधही वापरायचा. आणि गोळी घेतल्या घेतल्या उलटी झाली तर ती पोटात गेलीच नाही असं समजून दुसरी घ्यायची."

बीपी व्यवस्थित होतं. गोळ्या चालू ठेवा, असं लिहायला मी पेन उचललं. तेवढ्यात मावशी पिशवी सावरत उठल्या. "चल बाई, बिगी बिगी. जिलेबी घ्यायची राह्यली."

"काय विशेष, मावशी? कार्यक्रम आहे?"

"कशाचा कार्यक्रम! उद्या दिस उगवायच्या आत हिला दुधात जिलेबी चारायचीय. हिची अर्धशिशी उठायलीय की परत."

मी पेन खाली ठेवलं. "शीतल, आत्ता तर म्हणालीस डोकं दुखत नाही!"

"डोकं न्हाईच दुखत, मॅडम. अर्धशिशी हाय ती."

हे तिनं इतक्या समजुतीनं सांगितलं, की जणू डॉक्टर ती आणि पेशंट मी. हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. पण पोरगी खोटं बोलत नव्हती. आमच्याकडे डोकं दुखलं तर बाम चोळतात, मेडिकलची गोळी घेतात. अर्धशिशीचं खातंच वेगळं. तिला पहाटे दूध-जिलेबी. ती दवाखान्यात सांगायची गोष्टच नव्हे.

"बस खाली. कशी उठते अर्धशिशी? पहिल्यापासून सांग."

"आधी डोळ्यापुढं चमचम होती. वाकड्यातिकड्या रेघा, फुटक्या बांगडीवानी. अर्धा घंटा समोरचं माणूस धड दिसत न्हाई. मंग ह्या हाताला मुंग्या. मंग अर्धं डोकं धरतंय."

"बोलताना अडखळतेस?"

"एकदा धाकलीला हाक मारायला गेले, तर नावच येईना तोंडात. ह्या आत्याबाई लय हसल्या."

मला मात्र हसू आलं नाही. डोकं धरायच्या आधी डोळ्यांपुढं होणाऱ्या या खेळाला आम्ही ऑरा म्हणतो. साधी अर्धशिशी वेगळी आणि ऑरावाली वेगळी. या गोळीत इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन असतं. त्यानं रक्तात गुठळी व्हायची शक्यता किंचित वाढते. धडधाकट तरुण बाईला ते सहज पचतं, म्हणून तर ही गोळी लाखो बायका बिनघोर घेतात. पण ऑरावाल्या बाईच्या मेंदूत गुठळी अडकण्याचा धोका मुळातच जास्त असतो. त्यात ही गोळी म्हणजे चुलीत रॉकेल.

"मावशी, ही गोळी आजपासून बंद."

"आगं माय! काऊन?"

"लकवा मारू शकतो हिला."

लकवा म्हटल्यावर मावशी पिशवी ठेवून परत बसल्या. त्यांचा भाऊ लकव्यानं अंथरुणाला खिळून गेलेला. तरी बाई चिवट. म्हणाल्या, "एवढं पाकीट तरी संपू द्या. अर्धं राह्यलंय."

"एकसुद्धा गोळी नाही."

इतका वेळ गप्प असलेली शीतल एकदम बोलली. "अन् बंद केली अन् राह्यलं तर? ते परवाच येऊन गेलेत." ते म्हणजे तिचा नवरा. पुण्यात टेम्पो चालवतो. "मॅडम, मला लकव्याचं भ्या न्हाई. मला त्या टेबलावर परत न्हाई जायचं. सगळी धावायली होती, अन् मला माझेच पाय गार लागायले होते. नका बंद करू. पाया पडते."

तिचं म्हणणं चूक नव्हतंच. गोळी पाकिटाच्या मध्येच सोडायची, नवरा परवा येऊन गेलेला, म्हणजे दिवस जाण्याची भीती खरी होती. गोळी बंद करा म्हणून हात झटकणं सोपं. तिला आज माझ्या दवाखान्यातून मोकळ्या हातानं पाठवणं म्हणजे एका खड्ड्यातून काढून दुसऱ्यात ढकलणं.

"तांबी बसवू," मी म्हटलं. "आजच. हार्मोन नाही, म्हणून हा धोका नाही. बसवल्याबरोबर काम सुरू. परवाचीही काळजी मिटेल."

"तांबी नगं!" दोघी एका सुरात. मावशी पुढे म्हणाल्या, "माझ्या जावंची तांबी काळजात चढली होती."

"जावंच्या काळजात दुसरं काही चढलं असेल, मावशी." मी तांबी शीतलच्या तळहातावर ठेवली. प्लॅस्टिकचा एवढासा टी, त्याला तांब्याची तार. "काळजात जायला रस्ताच नाही. क्वचित खाली सरकते किंवा निसटते, म्हणून महिन्यानं दाखवायला यायचं. पहिले दोन-तीन महिने पाळीला जास्त जाईल, पोटात दुखेल. तेही आधीच सांगून ठेवते."

मावशींनी वाकून तांबी नीट पाहिली. मग म्हणाल्या, "तिच्या जिवाचं हाय. तिलाच इचारा." आणि उठून बाहेर गेल्या.

शीतल तांबी उलटीपालटी करत राहिली. "लेकी लहान हायत म्हणून गोळी घ्यायले होते मॅडम. अन् त्याच गोळीनं मी आंथरुणाला पडले असते, तर त्यांना कुणी बघितलं असतं?"

तिनं तांबी माझ्या हातात परत दिली. म्हणाली, "बसवा."

हिमोग्लोबिन पाहिलं, जरा कमी होतं पण चालण्यासारखं. आतून तपासलं, जंतुसंसर्ग नव्हता. तांबी बसवायला पाच-सात मिनिटं लागली. अर्धशिशीसाठी परभणीच्या फिजिशियनकडे चिठ्ठी दिली.

निघताना मी राहिलेल्या गोळ्या मागितल्या. पाकीट मावशींच्या कमरेच्या चंचीत निघालं. माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या, "रोज मीच चारायची की ओ तिला. माझ्या हातानं."

"जीव होता म्हणून चारत होतात," मी म्हटलं. "आणि अर्धशिशीचं कळलं तेही तुमच्यामुळंच."

शीतलची तांबी आजही जागेवर आहे. अर्धशिशी पूर्ण गेली नाही, पण औषधानं आटोक्यात आहे. एक उन्हाळा गेल्यावर मावशींनी बोरीला दिलेल्या लेकीला माझ्याकडं आणलं. तीही हीच गोळी घेत होती. तिला ना अर्धशिशी, ना दुसरा त्रास, म्हणून मी ती बिनधास्त चालू ठेवली. मावशींना ते पटायला अर्धा घंटा गेला.

पेशंट आपण विचारतो तेवढंच सांगतं आणि आपल्या शब्दाचा त्याला लागतो तोच अर्थ घेतं. आता मी 'डोकं दुखतं का' एवढ्यावर थांबत नाही. अर्धशिशी म्हणते, चमचम म्हणते, मुंग्या म्हणते, आणि सोबतच्या बाईलाही विचारते. एकेका बाईला वेळ लागतो. बाहेर बसलेल्या कुरकुर करतात. करू देत.