बाहेरून वाजवलेली शाळा

मी दुसरीपर्यंत शिकलो. पुढे गुरे राखायला माणूस नव्हते म्हणून बापाने काढले, नाहीतर राहिलो असतो. हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या वाडीत त्या काळी दुसरी झालेला मी एकटा, तेव्हा शाळा बरी की वाईट हे माझ्याशिवाय ठरवणार कोण?

मुलगा शाळेच्या वयाचा झाला त्या वैशाखातली गोष्ट. माझे थोरले भाऊ वाडीतल्या एका लग्नासाठी मुंबईहून आले होते. त्यांना मूलबाळ नव्हते. जेवायला बसलो तेव्हा म्हणाले, "पोराला माझ्याबरोबर दे. आमच्या चाळीला लागूनच शाळा आहे. इथे बोर्डाच्या शाळेत बिगरीत बसून काय शिकणार तो?"

आमची मंडळी चुलीपाशी होती. थोरल्या दिरासमोर बोलायची पद्धत नव्हती, म्हणून ती बोलली नाही. पण तव्यावरची भाकरी करपली, आणि आमच्या घरात भाकरी करपत नसे. मुंबईला गेलेले पोर शिमग्याला आणि गणपतीला येते, ते पाहुणा म्हणून. एवढे तिलाही ठाऊक होते.

मी म्हटले, "दादा, आधी मी शाळा बघतो. बरी असली तर पोर इथे राहील. नसली तर तुमच्याबरोबर बोटीने येईल." पाऊस धरला की बोटी बंद. त्यामुळे जे काय ठरायचे ते लग्न आटपेपर्यंतच ठरायला हवे होते.

आता माझ्या कानाविषयी सांगायला पाहिजे. फणस पिकला की नाही, हे मी झाडाखाली उभा राहून बोटाच्या टिचकीने सांगत असे. कच्चा फणस टणटण वाजतो, पिकलेला बदबद. मडके तडकलेले असेल तर कुंभाराच्या आधी मला कळे. शाळेचेही तसेच. आम्ही शिकलो तेव्हा आमच्या शाळेचा आवाज नदीपलीकडे जायचा. पाढ्यांनी कौले हलायची. ज्या शाळेचा आवाज नाही ती शाळा कसली?

शाळा वाडीच्या वर सड्यावर, कातळाच्या माळावर होती, चिऱ्यांची एक लांबट खोली. उन्हाळ्यामुळे सकाळची भरत असे. मी जाऊन बाहेर दगडी कुंपणाच्या गडग्यावर बसलो, काजूच्या सावलीत. एक विडी ओढली. आतून काही नाही. दुसरी ओढली. एकदा कोणीतरी शिंकले, पुन्हा सामसूम. मी उठलो आणि थेट लग्नाच्या मांडवात आलो. तिथे सगळी भावकी बसली होती.

"शाळा मेलेली हाय," मी सांगितले. "मास्तर झोपतो नि पोरं पेंगतात."

"मग ठरलं," दादा म्हणाले. "मंगळवारची बोट."

मी मान हलवली. चार माणसांत हललेली मान ती. परत कशी येणार?

घरी आलो तर हिने पोराचे दोन सदरे आणि लंगोट एका फडक्यात बांधून ठेवलेले. गाठ सोडायची नि पुन्हा बांधायची, असे चालले होते.

"आवं, आत जाऊन बघितलात काय?" तिने विचारले.

"आत कशाला? बाहेरून कळतं."

"व्हय. माझ्या माहेरी फणस नेलात तोही बाहेरूनच कळलेला. कापा, कापा म्हणत नेलात. फोडला तर बरका. माझे भाव अजून बोटं चाटत हसतात."

कापा म्हणजे खुटखुटीत गऱ्याचा, बरका म्हणजे लिबलिबीत. तो फणस पिकलेला होता, हे मी बरोबरच सांगितले होते. पण बायकांशी वाद घालून उपयोग नसतो.

"फणसाचा नि शाळेचा काय संबंध?" मी म्हटले.

"कायच नाय. फणस बरका निघाला तर गुरांना घालता येतो. पोराचं काय करायचं?" आणि मग म्हणाली, "उद्या मी येतंय तुमच्यासंगट."

मी म्हटले, बायकांचे शाळेत काय काम? दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोराचे बखोट धरून माझ्या पुढे चालत होती.

मास्तर झोपलेला नव्हता. तरुण, किडकिडीत माणूस, डोक्यावर काळी टोपी. दारात आम्हाला पाहून त्याने आधी ओठांवर बोट ठेवले. मला. माझ्याच गावात.

सारवलेल्या जमिनीवर त्याने खडूने मोठाली अक्षरे काढली होती आणि बिगरीची पोरे पालथी पडून त्या रेघांवर चिंचोके मांडत होती. एकाला एक लागून, मुंग्यांच्या रांगेसारखे. मोठी पोरे पलीकडे पाट्यांवर हिशोब करत होती. आमचे चिरंजीव बखोट सोडवून कधी त्या रांगेत जाऊन पडले, ते कळलेही नाही.

मी परीक्षा घ्यायला आलो होतो, ती घेतली. "मास्तर, अडीचकी येते काय?"

"येते."

"मग पोरांना का नाय म्हणायला लावत?"

"बिगरीतल्यांना अजून दहापर्यंत मोजता येत नाही. आधी दहा होऊ देत."

"आमच्या वेळी पहिल्या दिवसापासून ओरडायला लावायचे."

"हो काय? मग सबंध पाठ असेल तुम्हाला," मास्तर अगदी आदराने म्हणाला. "म्हणा बघू."

मी म्हणायला लागलो. एक अडीच अडीच, दोन अडीच पाच, इथवर तोफेसारखा गेलो. पुढे घशात कफ आला. वैशाखात मला धुळीने होतो तसा. मंडळींनी तोंडाला पदर लावला होता आणि भिंतीकडे बघत होती. भिंतीवर बघण्यासारखे काही नव्हते.

"चल रे," मी पोराला हाक मारली, "झाली बघून शाळा."

घरी ताटावर बसले की ज्याचे बूड टेकत नसे, तो पोटावर पडून एक चिंचोका दोन बोटांत धरून होता. मान वर न करता म्हणाला, "बाबा, हळू बोला. माझा ग हालतो."

त्याच्या आईचा पदर तोंडावरून डोळ्यांवर गेला. मी बाहेर जाऊन वहाणा घातल्या. ग पुरा होईपर्यंत आम्ही दोघे गडग्यावर थांबलो.  

संध्याकाळी मांडवात दादांनी विचारले, "काय रे, पोराची तयारी झाली?"

"नाय," मी म्हटले. "पोर इथेच राहील."

"अरे, शाळा मेलेली म्हणालास ना?"

"म्हणालो. म्हणूनच तर. गावची शाळा अशी निपचित पडलेली, आणि मी दुसरी झालेला माणूस माझं पोर मुंबईला पाठवू? लोक काय म्हणतील? आपलं पोर आत असलं म्हणजे मला मास्तरावर नजर ठेवता येईल."

भावकी हसली. दादा हसले नाहीत.  मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुझ्या वाकड्या डोक्याला मुंबईत जागा नाही, तेच बरं." त्यांना वाईट वाटले असणार. पण ते बोलून दाखवणारे नव्हते.

नजर ठेवायची म्हणजे मी शाळा सुटेपर्यंत गडग्यावर बसू लागलो. सुटायच्या वेळी सगळी पोरे उभी राहून परवचा म्हणत, आणि काजूवरचे कावळे उडत. आधी तिथवर मी कधी थांबलोच नव्हतो, असे मंडळींचे म्हणणे. मी बोललो म्हणून शाळा सुधारली, असे माझे म्हणणे. अजूनही आहे.

मंगळवारी दादा निघाले. हिने पोराचे सदरे सोडून पुन्हा खुंटीवर टांगले आणि त्याच फडक्यात दादांसाठी फणस बांधून दिला. परसातल्या नव्या झाडाचा पहिला फणस होता. मी टिचकी मारून सांगितले, "कापा हाय, दादा. डोळे झाकून न्या."

गणपतीला दादा आले ते उंबऱ्यातूनच म्हणाले, "बरका निघाला रे तो. सगळी चाळ चिकट झाली."

बोटीवर खारा वारा असतो. त्याने कापाही मऊ पडतो. मी हे सांगत होतो, तेव्हा मंडळी चुलीकडे तोंड करून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. पोर तिच्या बाजूला जमिनीवर फणसाच्या आठळ्यांची रांग लावत होते.