पाच भोकांच्या चकत्या

जाफराबादच्या गोरक्षनाथचा मंडपाचा धंदा होता. त्याची बायको प्रेमला आधी मंडपाची कापडं धुवायची, मग फाटक्या झालरी शिवायला लागली, मग मापं घ्यायला लागली. तीन वर्षांमागं मंठ्याकडच्या एका लग्नात वावटळ उठली आणि मंडप बसला. वऱ्हाडी तेव्हा जेवणाकडं गेले होते म्हणून वाचले. एक खांब मात्र गोरक्षनाथच्या कमरेवर आला. तेव्हापासून तो खुर्चीत बसून सांगायचा आणि शिडीवर प्रेमला चढायची.

या वैशाखात भोकरदन रस्त्यावरच्या अप्पारावांच्या मळ्यात त्यांच्या लेकीचं लग्न होतं. पोरीनं फोनवर कुठंतरी लोखंडी नळ्यांचा गोल घुमट पाहिला होता आणि स्टेजवर तसाच पाहिजे म्हणून हट्ट धरला होता. प्रेमलानं एका मोठ्या डेकोरेशनवाल्याकडचा जुना घुमट विकत घेतला. टेंपो आदल्या दिवशी यायचा, तो लग्नाच्या दिवशी उजाडता आला. त्यातून पांढऱ्या नळ्यांचे गठ्ठे निघाले आणि नळ्यांची तोंडं जोडायच्या भोकांच्या लोखंडी चकत्यांचं एक पोतं. जोडायचा कागद नव्हता. नळ्यांवर कधी खुणा असतील त्या नव्या रंगाखाली गेल्या होत्या. विकणाऱ्याचा फोन बंद लागत होता.

अक्षता साडेबाराला होत्या.

नळ्या दोन मापांच्या होत्या, एक दुसरीपेक्षा वीतभर लांब. प्रेमलाकडचा जुना गडी कडूबा म्हणाला, "वहिनी, त्यात काय बघायचं? बुडाला लांब, शेंड्याला आखूड. सगळे मंडप तसेच असतेत."

प्रेमलालाही ते पटलं. खालचं कडं बिनबोभाट जुळलं. त्यावरची ओळही उभी राहिली. तिसऱ्या ओळीला मात्र नळ्यांची तोंडं एकमेकांना भेटेनात. कडूबानं साखळी लावून दोन नळ्या जवळ ओढल्या, बोल्ट अर्धा घातला, आणि तेवढ्यात नळी सुटली. ती त्याच्या कानाजवळून सणकन गेली आणि स्टेजच्या फळीवर आदळली. कडूबा मटकन खाली बसला. कान चाचपून पाहिला, बोटांना रक्त नव्हतं.

साडेनऊ झाले होते.

गोरक्षनाथ खुर्चीतून म्हणाला, "तारेनं आवळून बांधा. वरून कापड टाकलं की कोण बघून राह्यलंय?"

"तुमच्या कमरेला इचारा कोण बघतंय ते," प्रेमला म्हणाली. बोलल्यावर तिला स्वतःलाच ते लागलं. पण तिनं शब्द मागं घेतला नाही. "कडूबा भाऊ, सगळं खोला."

"सगळं?"

"खालचं कडं राहू द्या. त्याच्यावरचं सगळं."

अप्पाराव धावत आले. "बाई, वऱ्हाड निघालं तिकडून. खोलून काय राह्यले तुम्ही?"

"अकरापर्यंत मला कळलं न्हाई, तर साधा कापडी मंडप टाकते, दादा. पण असल्या घुमटाखाली तुमची लेक बसवणार न्हाई."

अप्पारावांनी घड्याळ पाहिलं आणि ते वऱ्हाडाच्या वाटेकडं गेले.

प्रेमला आचाऱ्याच्या चुलीकडं गेली. पुरीच्या कणकेचा गोळा मागितला, खराट्याच्या काड्या मोडून घेतल्या. नळ्यांसारखेच दोन मापांचे तुकडे केले आणि कणकेच्या गोळ्यांत खोचत बसली. मागं ढोलवाल्यांची गाडी आली. एका गोळ्याभोवती सहा सारख्या काड्या लावून तितक्याच लांबीच्या काड्यांनी कडेनं जोडल्या, तर चाक पोळीसारखं सपाट पडलं. एक काडी काढून पाच केल्या, तर मधला गोळा वर उचलला, पालथ्या वाटीसारखा. पाचही आखूड लावून कडेनं लांब लावल्या, तेव्हा तो फुगवटा पसरट, मोठ्या घुमटाचा तुकडा शोभेल असा झाला.

ती तशीच उठली. पोतं स्टेजवर पालथं केलं. कुठल्या चकतीला सहा भोकं, कुठलीला पाच, हे सकाळपासून कुणी पाहिलंच नव्हतं. चार भोकांच्या दहा तेवढ्या अर्ध्या चकतीसारख्या, म्हणून त्या आपोआप खालच्या कड्यात लागल्या होत्या. उरलेल्यांत पाच भोकांच्या सहाच निघाल्या.

"भाऊ, आखूड नळ्या किती?"

कडूबानं मोजल्या. "तीस."

सहा चकत्या, पाच पाच भोकं. सहा पंचे तीस, प्रेमलानं बोटांवर मोजलं. "पाच भोकांच्या चकतीला फक्त आखूड नळ्या. एक चकती शेंड्याला, पाच भवताली. बाकी सगळीकडं लांब."

पावणेअकरापासून नट आवळायचे पाने फिरू लागले. या खेपेला साखळी लागली नाही. नळी उचलली की भोकासमोर भोक येत होतं. मात्र शेंड्याची शेवटची नळी बोटभर कमी पडली. प्रेमला शिडीच्या टोकावर होती, वारा सुटला होता, खाली वऱ्हाडाच्या गाड्या वळत होत्या. कडूबानं हातोडा वर दिला.

"नको," ती म्हणाली. "खालचे सगळे नट अर्धा फेरा ढिले करा."

नट ढिले झाले. घुमट जरासा हलला, आणि बोल्ट आत सरकला. मग खालपासून एकेक नट पुन्हा आवळला.

तरीही तिनं कुणाला स्टेजवर येऊ दिलं नाही. शेंड्यातून दोरखंड सोडून कडूबाला आणि दोन गड्यांना त्यावर लोंबकळवलं. एका चकतीतून करकर आवाज आला. तिनं त्यांना खाली उतरवलं, तिथला वाकलेला बोल्ट बदलला आणि पुन्हा लोंबकळायला लावलं. आवाज आला नाही. मग कापड, मग फुलं.

अक्षता पाऊण तास उशिरा पडल्या. अप्पाराव तिच्याशी दिवसभर धड बोलले नाहीत. लग्न चालू असताना एक झोत जोरात आला, कापडाची टोकं फडफडली. प्रेमला नवरीकडं न पाहता वरच्या बोल्टांकडं पाहत उभी होती. घुमट जागचा हलला नाही.

पंगती उठल्यावर गोरक्षनाथ काठी टेकत स्टेजपाशी आला. त्यानं वरच्या जोडांवरून नजर फिरवली.

"मी शिडीवर आसतो तर तारच बांधली आसती," तो म्हणाला.

प्रेमलानं त्याच्या हातात लाल रंगाचा डबा आणि ब्रश दिला. "खोलायच्या आधी आखूड नळ्यांना पट्टा मारायचाय. तुमच्या हाताला येतेत तेवढ्यांना तुम्ही मारा. वरच्यांना मी मारते."

त्यानं खुर्ची ओढून घेतली आणि पहिली नळी शोधू लागला.